तलावाच्या पोटातल्या खुंट्या

३ मे २०१३, शुक्रवार

पोचलो. पहाटे चारला घाटमाथ्यावरच्या आमच्या गावाहून गाडी काढली ती दुपारी तीनला इथे आणून उभी केली. करमाळा सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकच रंग, भाजक्या विटेचा. तरी मन प्रसन्न आहे. नवं गाव, नवी माणसं. घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं.

छावणी आष्टीपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे, आटलेल्या पाझर तलावाच्या पोटात. तिन्ही बाजूंना बालाघाटाचे उतार, चौथ्या बाजूला तलावाचा बांध. गावची सेवा सोसायटी छावणी चालवते. सहाशेच्या वर जनावरं दावणीला आहेत. उसाचे वाढे, थोडी पेंड आणि टँकरचं पाणी, यावर ती पावसाची वाट बघताहेत.

दुष्काळाला मदत म्हणून आमच्या दूध संघाने हा फिरता दवाखाना दोन महिन्यांसाठी पाठवला. गाडीत औषधांची कपाटं, एक फ्रीज, मला झोपायला फळी, स्टोव्ह. गाडीच्या कुशीला गुंडाळलेलं कापडी छत आहे. ते ओढून खांबांवर उभं केलं की सोळा फुटांची सावली होते. आजारी जनावरं त्याखाली घ्यायची. इथल्या लोकांनी त्याला लगेच मांडव म्हणायला सुरुवात केली. मला डाक्टर म्हणतात. मी साधा ड्रेसर आहे, मलमपट्टी आणि सलाईन करणारा, खरे डॉक्टर आष्टीहून आठवड्यातून दोनदा येतील, असं सांगून पाहिलं. कुणी मनावर घेतलं नाही.

सोसायटीचा शहादेव छावणी बघतो. तिशीचा, बोलका. त्याने सांगितलं, की मार्चमध्ये दुसरीकडची अशीच गाडी आली होती. दुपारच्या वावटळीत तिची दोन छतं फाटली. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात आजारी जनावर कुठं ठेवणार? गाडी परत गेली आणि मागे अकरा जनावरं दगावली. मी म्हटलं, मी तीन महिने मुसळधार पाऊस पडणाऱ्या गावचा माणूस, तीस वर्षं ताडपत्र्या बांधतोय. हे छत फाटणार नाही. तर म्हणतो, तुमच्याकडं पावसालाबी ताडपत्रीत बांधून ठिवतेत जणू, जरा आमच्याकडं सोडा की.

५ मे, रविवार

मोबाइलला रेंज फक्त बांधावर. संध्याकाळी चढून मुलीला पुण्याला फोन केला. दर रविवारी करायचं ठरलंय. तिने जेवणाचं विचारलं. सांगितलं, भाकरी जमते मला. दोन वर्षांत जमली.

छताखाली तीन गायी आहेत, तिन्ही बसलेल्या. नुसते वाढे खाऊन अंगातलं कॅल्शियम जातं, मग गाय बसते ती उठत नाही. सलाईन लावायचं, कूस बदलायची, सावलीत ठेवायची. यातली चंद्री नावाची गाय जाईबाईची. जाईबाई पन्नाशीची, एकटी, सडसडीत. सकाळी लांबूनच जयभीम डाक्टर म्हणते आणि दिवसभर गाईच्या उशाला बसते. चंद्री गेली तर माझ्या घरात हाक मारायला कुणी न्हाई, असं ती आज सहज म्हणाली. सलाईनची नळी नीट करतोय असं दाखवून मी तिथेच रेंगाळलो.

८ मे, बुधवार

दुपारी दोनला वावटळ आली. छत उलटं फुगलं, दोन खुंट्या मुळासकट वर आल्या आणि एक खांब वाकला. कापड वाचलं ते नशिबाने. मी आणि जाईबाई दोघं कोपऱ्याला लोंबकळलो म्हणून.

चूक माझीच. आमच्याकडची जमीन खुंटी धरते. इथे तलावाचा वाळलेला गाळ, वीतभर भेगा. खुंटी ठोकली की ढेकूळच सुटतं. दोरीचा कोन बरोबर होता. कडी आणि दोरी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडाही घातला होता, म्हणजे झटका कापडाला बसत नाही. पण खुंटीच धरत नसेल तर बाकी सगळं वाया.

टँकरवाला गहिनीनाथ पाणी ओतता ओतता म्हणाला, डाक्टर, मांडव उडाला, आता लगीन कसं लागावं? सगळे हसले. मीही हसलो. पण फाटलं तर संघाकडे दुसरं छत नाही. गाडी परत, आणि या तीन गायी उन्हात.

९ मे, गुरुवार

उपाय सापडला.

शेवटच्या दावणीच्या पलीकडे तलावाचा सगळ्यात खोल भाग आहे. तिथलं पाणी म्हणे याच वर्षी आटलं. तिकडे कुणी जनावर बांधत नाही. गाळातून चार-चार बोटं वर आलेल्या काळ्या खुंट्या दिसल्या, दोन ओळींत. बाभळीच्या असाव्यात. पाण्यात राहून लोखंड झाल्यात. पहारीने ठोकून पाहिलं, हलवून पाहिलं. इंचभर हलल्या नाहीत.

गाडी खाली नेली. चौघांनी पत्र्यावर ओढून गायीही नेल्या. छताच्या चार दोऱ्या चार खुंट्यांना बांधल्या. एक कोपरा खाली घेतला, पाऊस आलाच तर पाणी साचून झोळ पडू नये म्हणून. सगळं माझ्या हाताने, माझ्या गाठीने. शहादेव म्हणाला, आता वादळाच्या बापालाबी हालायचं न्हाई.

जाईबाई मात्र चंद्रीबरोबर खाली आली नाही. उतारावरच थांबली.

१२ मे, रविवार

आज मोठी वावटळ झाली. वरच्या सहा शेडच्या सावलीच्या जाळ्या उडाल्या, बांबू मोडले. माझं छत जागेवर. सगळे बघायला आले. कापड फडफडलंसुद्धा नाही, असं एकजण म्हणाला. खरंच आहे. मी खालीच उभा होतो. बाहेर धूळ भिंतीसारखी पळत होती आणि डोक्यावरचं कापड इस्त्री केल्यासारखं सपाट. वाऱ्यात थोडं तरी हलायला हवं होतं.

बांधावरून मुलीला फोन केला. सांगितलं, बापाने छावणीत नाव काढलं.

१५ मे, बुधवार

छताखाली गारवा आहे. बाहेर त्रेचाळीस, आत फार तर बत्तीस-तेहतीस. गाळाची जमीन असेल म्हणून. तिन्ही गायी रवंथ करतात. एकही दगावली नाही, एकही उठत नाही. तिघींची तोंडं खुंट्यांकडे. कूस बदलली की तासाभराने पुन्हा तिकडेच.

धडधाकट जनावरं आत येत नाहीत. औषध पाजायला एक खिल्लार बैल आणला तर सावलीच्या कडेला पाय रोवून उभा राहिला. अंगावर शहारे. मालकाने शेपूट पिरगाळली, शिव्या घातल्या. बैलाला कडेलाच पाजलं.

१७ मे, शुक्रवार

दुपारी अडीच. वारा अजिबात नव्हता. वरच्या शेडच्या जाळ्या मेल्यासारख्या लोंबत होत्या. मी फळीवर टेकलो होतो. पहिली दोरी ताणली गेली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. जनावर निजल्या जागी मान वर करतं आणि दावं ताठ होतं, तशी. थोड्या वेळाने एकेक सैल पडली.

हात लावून पाहिला. दोऱ्या ओल्या होत्या.

बादलीतलं पाणीही संपलं होतं. उन्हाने आटत असेल.

१९ मे, रविवार

आज बांधावर गेलो नाही. ऊन फार. उद्या करीन फोन.

२१ मे, मंगळवार

फोन राहिलाच. निघालो होतो, मग एक सलाईन बदलायचं आठवलं. नंतर पुन्हा निघालो, तेव्हा काय आठवलं ते आता आठवत नाही.

जाईबाई भाकरी आणून देते. सावलीच्या कडेला ठेवते आणि मागे सरकते. आज तिने विचारलं, डाक्टर, चार दिस झाले तुमी वर आला न्हाईत, कावून? मी म्हटलं, काम. काम फारसं नाही.

२२ मे, बुधवार

जाईबाईने आज सांगितलं. उन्हात उभी राहून. मी आत, ती बाहेर.

बहात्तरच्या दुष्काळात हा तलाव रोजगाराच्या कामावर खोदला गेला. तिचे आईबाप बांधावर माती टाकायला होते. मजुरांची जनावरं इथे, या खोलगटात, या खुंट्यांना बांधलेली असत. त्र्याहत्तरच्या जूनमध्ये वर डोंगराला पाऊस झाला. पाणी वाहत आलं आणि नव्या बांधाला पहिल्यांदा अडलं. दोन वर्षांनी पाणी! सगळे बांधावर पळाले. हलगी वाजली, बाया फुगड्या खेळल्या. जाईबाई दहा वर्षांची होती. आभाळ आलं की गाय सोडायची, एवढं एकच काम तिच्याकडे होतं. तीही बांधावर पाणी बघत होती. कुणाला आठवलं तेव्हा पाण्यावर शिंगं तेवढी दिसत होती.

त्यानंतर तलाव बुडापर्यंत कधी आटला नाही, या वर्षापर्यंत.

मी म्हटलं, आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, की भुताखेताचं आमी मानीत न्हाई, माझ्या बापानं घरातले देवबी नदीत सोडलेले. पर मेलेल्या जनावराचं दावं सोडायचं असतंय. रीत हाय ती. त्यानं जल्मभर आपलं ऐकल्यालं असतंय, जा म्हणावं लागतंय त्याला. आन् ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, दुसऱ्याचं ते ऐकत न्हाई.

तिची गाय तिनेच बांधलेली, तिसऱ्या खुंटीला.

२३ मे, गुरुवार

दोऱ्या सोडायच्या, गाडी वर न्यायची, असं ठरवलं. माझी गाठ सुटते. पहिल्या खुंटीवरची सोडली. तिच्याखाली दुसरी गाठ होती, जुन्या काथ्याची, गाळाने भरलेली. ती मी मारलेली नाही. नव्या दोरीचे पेड त्या काथ्यात गेलेत. चाकू घसरतो.

शहादेवला हाक मारून दाखवलं. त्याला एकच दोरी दिसली. म्हणाला, डाक्टर, उन्हाचं डोक्याला फडकं बांधत जा.

२६ मे, रविवार

गहिनीनाथने टँकरवरून विचारलं, डाक्टर, खळं करायलात का मळणीचं?

मग मीही पाहिलं. खुंट्यांभोवती गाळात एक वाट पडलीय. गोल. मळणीला बैल फिरून पडते तशी. दोरीच्या लांबीएवढ्या अंतरावर.

त्यात खुरं नाहीत. माझ्या चपला आहेत.

मुलीचा फोन राहिला.

२९ मे, बुधवार

जाईबाईला म्हटलं, तुमची खुंटी तेवढी सोडा. ती नको म्हणाली. चाळीस वर्सं तोंड न्हाई दाखवलं मी माझ्या गाईला.

मी विनवलं. मी कुणाला असं विनवल्याचं आठवत नाही.

१ जून, शनिवार

जाईबाई आली. चप्पल कडेला काढून आत आली. तिसऱ्या खुंटीशी गुडघे टेकले. हाताने गाळ उकरला, जुनी गाठ बोटांनी चाचपली. पुटपुटत होती. चुकलं माझं बाय, एवढंच ऐकू आलं. मग म्हणाली, जा. गाठ सुटली. माझी दोरी तिच्याबरोबर मोकळी झाली.

त्या क्षणी छताचा तो कोपरा फडफडला. साध्या कापडासारखा. किती दिवसांनी ऐकला तो आवाज.

आणि चंद्री उठली. पुढचे गुडघे, मग मागचे पाय. थरथरत उभी राहिली, मुतली, आणि जाईबाईच्या मागे बांधाकडे चालू लागली. जाईबाईने वळून मला बोलावलं. आत्ता चला डाक्टर, आत्ताच, मांडव ऱ्हाऊ द्या.

दोन गायी अजून बसलेल्या आहेत. छत सोडलं तर त्या उन्हात. बाकीच्या तीन खुंट्यांना जनावरं बांधणारे कोण? जाईबाईला विचारलं. सगळे वारले.

२ जून, रविवार

दुपारी वारा सुटला. सुटा कोपरा वेडावाकडा आपटू लागला, कडी निघायला आली, कापड टरकायला लागलं. एवढे दिवस सांभाळलेलं. हातभर फाटलं की सगळं जाणार.

सुटी दोरी धरली. धरवेना. कमरेला दोन वेढे घेतले, गाठ मारली आणि पाय रोवून उभा राहिलो. वादळात आमच्याकडे असंच करतात. माणूसच खुंटी होतो.

कापड सपाट झालं. लगेच.

३ जून

वारा पडलाय. गाठ सोडली नाही. पुन्हा येईल वारा.

जाईबाई कडेला उभी राहून रडली. शहादेव दोन गडी घेऊन आला. ते आत आले नाहीत. शहादेवही नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. ओरडत राहिले.

मला राग नाही. माणसं लांबूनच बोलतात. दोन वर्षांपूर्वी बायको घर सोडून गेली तेव्हाही दारातूनच बोलून गेली.

५ जून

वाट खोल झालीय. घोट्यापर्यंत.

दुपारी पाठीला कुणीतरी पाठ घासली. गरम, खरखरीत. मागे पाहिलं नाही. बरं वाटलं—

६ जून

पश्चिमेला काळं. छावणी वर हलवतायत. दावणी रिकाम्या. दोन्ही गायींना माझ्याच गाठी होत्या. सोडल्या. जा म्हटलं. एक उठली. मग दुसरी. गेल्या, मागे न बघता.

आता छताखाली सावलीची गरज कुणालाच—

तरी ते हलत नाही.

७ जून

डोंगरावर पडतोय. इथेही पडतोय. छताखाली एक थेंब नाही. वही कोरडी.

गाळ ओला झाला. भेगा मिटल्या. पाणी पावलांशी. गार. खुंट्यांच्या त्या तिघीही पाण्याकडे तोंड करून—दिसत नाहीत, दोऱ्या दिसतात, तीन दोऱ्या, ताठ—

जाईबाई बांधावर. शहादेवने तिला दंडाला धरून ठेवलंय. ओरडतेय. तुमी बांधली, तुमीच सोडा. सोडा डाक्टर.

बरोबर आहे तिचं. ही गाठ माझी. खाली दुसरी नाही.

पाणी गुडघ्याला.

सोडली. सहज सुटली, जाईबाई. कमर मोकळी. दोरी हातात आहे, आता नुसती टाकायची आणि चालायला—

दुसऱ्या टोकाने हळूच ओढ लागतेय. कापडाची नव्हे. जनावर आपला माणूस ओळखून ओढतं, तशी. चाळीस वर्षं कुणी आलं नाही त्या तिघींकडे, आणि मी ही दोरी सोडली की त्या पुन्हा एकट्या, आणि मी वर जाऊन तरी कुणाच्या हाकेला